वर्गमित्रांना ओळख करून द्यायला डेस्मॉस घ्यावे की जिओजेब्रा?

गणित शिकवताना तंत्रज्ञान कसे वापरावे, हे शिकवणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्याचे काम बहुधा एकच असते: बाकीच्यांना स्वतःची ओळख करून द्या. मग नाव, इयत्ता, किती वर्षे शिकवतो, छंद वाचन आणि प्रवास, अशा एकाच साच्यातल्या ओळखींची रांग लागते. दहाव्या ओळखीनंतर कोणी वाचत नाही. तीच ओळख गणिताच्या साधनातून दिली, तर वाचणाऱ्याच्या हाताला काही काम मिळते आणि ओळख देणारा शिक्षक म्हणून कसा विचार करतो हेही कळते. कोणते साधन या कामाला बरे पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. या साधनांचे बाकीचे शंभर उपयोग इथे धरलेले नाहीत.

कसोटी तीन गोष्टींची. समोरच्याला खाते न उघडता ती ओळख हलवून पाहता आली पाहिजे. त्याने हलवल्यावर मूळ बिघडता कामा नये. आणि त्याला त्यातच आपले आकडे घालून उत्तर देता आले पाहिजे. दिसायला किती देखणे, हे मुद्दाम मोजलेले नाही, कारण देखणेपणात वेळ जातो आणि संवाद होत नाही.

निकाल आधीच सांगायचा तर हाताशी तासभर असेल तर डेस्मॉस, म्हणजे आलेख काढण्याचे साधन. भूमिती शिकवत असाल आणि एक संध्याकाळ मोकळी असेल तर जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या रचून हलवण्याचे साधन, कारण त्यावर होणारी चर्चा जास्त रंगते. पॅडलेट ही फक्त सगळ्यांचे मजकूर आणि दुवे चिकटवायची ऑनलाइन भिंत आहे, ती गणित करत नाही. व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

डेस्मॉस

एली लुबेरॉफ यांनी २०११ मध्ये सुरू केलेला हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ब्राउझरमध्ये उघडतो, आणि उघडल्या उघडल्या कामाला लागतो. एक खुलासा आधी केलेला बरा. २०२२ मध्ये डेस्मॉसचे दोन भाग झाले. कॅल्क्युलेटर डेस्मॉस स्टुडिओकडे राहिले आणि वर्गात घ्यायचे उपक्रम अँप्लिफाय या कंपनीकडे गेले. जुन्या सूचनांमध्ये ‘डेस्मॉसवर उपक्रम तयार करा’ असे लिहिलेले असेल तर तो दुसरा भाग. ओळखीसाठी नुसता कॅल्क्युलेटर पुरतो.

बहुतेक जण इथे एक सरळ रेषा काढतात, चढाला ‘माझा उत्साह’ असे नाव देतात आणि स्लायडर (आकडा बदलायची सरकपट्टी) लावतात. हे टाळावे. स्लायडर हलवल्यावर रेषा हलते, पण त्यातून कोणाला काहीही कळत नाही. आलेखातली राशी खरोखर मोजता येण्याजोगी हवी. या वर्गासाठी सगळ्यात उपयोगी राशी म्हणजे आपल्या वर्गात किती मुले आणि किती उपकरणे. तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात पुढची सगळी चर्चा शेवटी याच गुणोत्तरावर येऊन थांबते, तर ते पहिल्याच दिवशी मांडलेले चांगले.

कृती अशी. (इथे देवनागरीत लिहिलेली अक्षरे आणि अंक प्रत्यक्ष टाइप करताना रोमन लिपीतच टाकायचे.) पहिल्या ओळीत एन = ४५, म्हणजे मुले. दुसऱ्या ओळीत डी = १२, म्हणजे उपकरणे. दोन्ही ओळींखाली स्लायडर आपोआप येतो. तिसऱ्या ओळीत एल = [१...एन] ही यादी, यातली तीन टिंबे म्हणजे ‘पासून ते पर्यंत’. चौथ्या ओळीत बिंदू (मॉड म्हणजे भागाकारातली बाकी, फ्लोअर म्हणजे भागाकाराचा पूर्णांक भाग): (मॉड(एल − १, डी), फ्लोअर((एल − १)/डी)). एंटर दाबून झूम थोडा कमी केला की पडद्यावर पंचेचाळीस ठिपके बारा उभ्या रांगांत बसलेले दिसतात. प्रत्येक रांग म्हणजे एक उपकरण, रांगेतले ठिपके म्हणजे त्याभोवती बसणारी मुले. ४५ आणि १२ घेतले तर नऊ रांगांत चार-चार आणि तीन रांगांत तीन-तीन ठिपके दिसतात. पाचव्या ओळीत के = सील(एन/डी), म्हणजे पुढच्या पूर्णांकापर्यंत वाढवलेला भागाकार. नुसता भागाकार ठेवला तर उत्तर ३.७५ येते, आणि पावणेचार मुलांचा गट कोणत्याच वर्गात बसत नाही.

आता लेबल. (०, −२) असा एक वेगळा बिंदू घालावा, त्याखालच्या लेबलच्या चौकटीत टिक करावी आणि तिथे मजकूर लिहावा: ‘एका उपकरणामागे जास्तीत जास्त’, मग डॉलरची खूण आणि लगेच महिरपी कंसात के, मग ‘मुले’. स्लायडर सरकला की लेबलातला आकडाही बदलतो. महिरपी कंसात चलाचे नाव द्यायचे, आकडेमोड नाही. म्हणूनच भागाकार आधीच्या ओळीत के म्हणून वेगळा काढून ठेवला.

इथे हमखास होणाऱ्या चुका पाहू. स्लायडरची मूळची मर्यादा −१० ते १० असते आणि टप्पा रिकामा असतो. त्यामुळे मुले उणे सहा किंवा साडेसात होऊ शकतात. स्लायडरच्या टोकाच्या आकड्यावर टिचकी मारून मुलांसाठी १ ते ८०, उपकरणांसाठी १ ते ४० आणि दोन्हींचा टप्पा १ करावा. खालची मर्यादा शून्य ठेवली तर कोणीतरी उपकरणे शून्यावर नेणारच. मग शून्याने भागायची वेळ येऊन सगळे ठिपके गायब होतात, आणि बघणाऱ्याला वाटते आलेखच बिघडला. (ज्याच्या वर्गात खरोखर एकही उपकरण नाही, त्याने ते शब्दांत लिहावे. ती माहिती आलेखापेक्षा महत्त्वाची आहे.)

दुसरी अडचण चलांच्या नावांची. डेस्मॉस एका अक्षराला एक चल मानते. वयासाठी इंग्रजी शब्द ‘एज’ टाइप केला तर त्याचा अर्थ ए गुणिले जी गुणिले ई असा होतो. ए आणि जी यांना स्लायडर देऊ का, असे विचारले जाते आणि ई म्हणजे २.७१८… हा स्थिरांक धरला जातो. ई या अक्षराला स्वतःची किंमत देताच येत नाही. एक्स आणि वाय हेही अक्षांसाठी राखीव आहेत. लांब नाव हवेच असेल तर एक अक्षर आणि त्याला पायाक्षर (खाली लिहिलेले छोटे अक्षर) जोडावे.

ओळखीचा दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘गणिताशी माझे नाते’: आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर आवड ० ते १०. टेबल घालून सहा ते आठ बिंदू दिले की झाले. पण वर्षे २००३, २००९ अशी भरली तर पडदा कोरा दिसतो, कारण खिडकी अजून −१० ते १० वरच असते. टेबलाशेजारची भिंगाची खूण दाबली की खिडकी बिंदूंपाशी जाते. त्याहून बरे म्हणजे शाळेचे पहिले वर्ष १ धरून मोजावे. अक्ष सुटसुटीत राहतो आणि आपले वय जगजाहीर होत नाही. बिंदू रेषांनी जोडायचे असतील तर स्तंभाच्या डोक्यावरचे रंगीत वर्तुळ दाबून धरावे, पर्याय तिथेच सापडतो. मात्र जोडणारी रेषा मधल्या वर्षांबद्दलही काहीतरी सांगते, आणि तेवढी माहिती आपण दिलेली नसते. चाणाक्ष वर्गमित्र हे विचारणारच. विचारू द्यावे.

आणखी पुढे जाऊन काही जण बिंदूंमधून वक्र बसवतात. बरोबरच्या चिन्हाऐवजी लाटेसारखी टिल्ड खूण वापरली की डेस्मॉस सहगुणक शोधून देते. चार बिंदूंवर तीन घातांकाची बहुपदी बसवली की आर-वर्ग (वक्र बिंदूंना किती नेमका बसला ते सांगणारा आकडा) थेट १ येतो. त्यात कौतुक काही नाही: वेगवेगळ्या एक्स किमतींच्या कोणत्याही चार बिंदूंतून अशी एक बहुपदी जातेच. आपल्या आयुष्याचे ‘मॉडेल’ म्हणून ते मांडले तर हसे होते. पण ‘यात काय चुकले ते सांगा’ असे लिहून मांडले तर तीच उत्तम ओळख ठरते, कारण उच्च माध्यमिकला शिकवणाऱ्या प्रत्येकाचे त्यावर काहीतरी म्हणणे असते.

समीकरणांनी स्वतःचा चेहरा किंवा नाव काढण्याचा सोसही बराच दिसतो. महिरपी कंसात व्याप्ती घालून रेषेचे आणि वर्तुळाचे तुकडे पाडता येतात, आणि त्यात अख्खी रात्र जाते. शिकवण्याच्या दृष्टीने त्यातून चिकाटीपलीकडे फारसे काही दिसत नाही. करायचेच असेल तर आठ समीकरणांत थांबावे. वर्तुळ लंबगोल दिसू लागले तर समीकरण तपासत बसू नये. दोन्ही अक्षांच्या मर्यादा हाताने भरल्यामुळे प्रमाण बिघडलेले असते. पान्याच्या खुणेखाली ते पुन्हा सारखे करता येते.

दुवा पाठवण्याच्या बाबतीत डेस्मॉस तिन्ही कसोट्यांना उतरते. समोरच्याने काहीही हलवले तरी आपला आलेख तसाच राहतो. तो आपले आकडे घालून स्वतःचा दुवा परत पाठवू शकतो. चाळीसपैकी पाच जणांनी जरी असा दुवा परत पाठवला तरी वर्गाचे चित्र उभे राहते. फक्त एक लक्षात ठेवावे: पाठवलेला दुवा म्हणजे त्या क्षणाची प्रत. नंतर आपण दुरुस्ती केली तर नवा दुवा द्यावा लागतो. कोणत्या ओळीत काय आहे हे समोरच्याला कळावे म्हणून वर एक टीप घालावी. रिकाम्या ओळीत दुहेरी अवतरणचिन्ह टाइप केले की ती ओळ टिपेची होते.

डेस्मॉसला आणखी एक गुण द्यावा लागतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर ते नीट चालते, ब्रेलची सोय आहे, आणि वक्राचा चढउतार आवाजातून ऐकता येतो. वर्गात दृष्टिहीन सहकारी असेल तर चेहऱ्याचे चित्र त्याच्या उपयोगाचे नाही, पण चढउताराचा वक्र त्याला ऐकता येतो.

जिओजेब्रा

मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात असताना हे सुरू केले. भूमिती आणि बीजगणित एकाच खिडकीत आणणे हा त्याचा गाभा आजही तोच आहे. बिगर-व्यावसायिक वापराला मोफत आहे. पहिली पंधरा मिनिटे गोंधळाची जातात, कारण ग्राफिंग, जॉमेट्री, थ्रीडी, क्लासिक अशी अनेक दारे आहेत. ओळखीसाठी क्लासिक ६ निवडावे. सगळी साधने एका ठिकाणी मिळतात आणि रचनेच्या पायऱ्या क्रमाने दाखवणारी कन्स्ट्रक्शन प्रोटोकॉलची खिडकीही त्यात आहे.

हे साधन खरे खुलते ते ‘दोन खऱ्या गोष्टी, एक खोटी’ या ओळखीच्या खेळात. त्याचे भूमितीतले रूप थोडे उलटे, एक खरा आणि दोन खोटे, असे: पडद्यावर सारखे दिसणारे तीन चौरस ठेवायचे आणि वर्गमित्रांना विचारायचे, यातला खरा कोणता? उत्तर पाहून मिळत नाही, शिरोबिंदू ओढूनच मिळते. काढलेली आकृती आणि रचलेली आकृती यांतला फरक सगळ्या गतिमान भूमितीच्या मुळाशी आहे. इथे तो एका वाक्याच्या व्याख्येशिवाय कळतो.

खरा चौरस: ए आणि बी हे दोन बिंदू, त्यांतला रेषाखंड, दोन्ही टोकांतून त्याला लंब. ए केंद्र धरून बीमधून जाणारे वर्तुळ. ते एमधल्या लंबाला छेदते तो डी. डीमधून एबीला समांतर रेषा, ती बीमधल्या लंबाला छेदते तो सी. चार बिंदूंचा बहुभुज काढून मदतीच्या रेषा लपवाव्यात, पुसू नयेत. मूळ रेषा पुसली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे तिच्याबरोबर जाते, आणि नवशिक्याचा चौरस याच पायरीवर नाहीसा होतो.

अर्धा खोटा: वर्तुळापर्यंत सगळे तसेच, फक्त लंब काढायचे नाहीत. डी हा वर्तुळावर सरकणारा बिंदू घ्यायचा. बीमधून एडीला आणि डीमधून एबीला समांतर रेषा काढून सी मिळवायचा. हा खरे तर समभुज चौकोन आहे, सध्या काटकोनात उभा केलेला. हाताने डी नेमका काटकोनात आणणे कठीण जाते. ए (०, ०) आणि बी (३, ०) असेल तर इनपुटच्या ओळीत सेटव्हॅल्यू आज्ञा देऊन डीची जागा (०, ३) करावी. सेटव्हॅल्यू वर्तुळावरच्या बिंदूलाही चालते.

पूर्ण खोटा: चार मोकळे बिंदू चौरसाच्या कोपऱ्यांवर ठेवून जोडलेला बहुभुज. कोणताही शिरोबिंदू ओढला की विस्कटतो.

आता यातली खरी मेख. जिओजेब्रा मोकळ्या बिंदूंना आणि अवलंबून असलेल्या बिंदूंना वेगवेगळा रंग देते. तीन आकृत्या तशाच ठेवल्या तर ओढायच्या आधीच उत्तर फुटते. म्हणून बाराही शिरोबिंदू निवडून एकच रंग, एकच आकार द्यावा आणि नावे बंद करावीत. बीजगणिताची खिडकीही बंद करावी, कारण तिथे प्रत्येक बिंदूची व्याख्या लिहिलेली असते. तीन आकृत्यांत भरपूर अंतर ठेवावे, नाहीतर एकीचा शिरोबिंदू ओढताना दुसरीचा हाती येतो.

आपल्याबद्दलचा मजकूर मजकूर-साधनाने घालावा. त्यातली लॅटेकची (सूत्रे मांडण्याच्या पद्धतीची) चौकट टिक केलेली राहिली तर शब्दांमधली जागा नाहीशी होऊन सगळे एकमेकांना चिकटते. ती चौकट सूत्रांपुरती ठेवावी आणि वाक्ये साध्या मजकुरात लिहावीत.

पाठवताना जिओजेब्रा डेस्मॉसपेक्षा किचकट आहे. साठवायला खाते लागते, आणि साठवलेली फाइल खासगी, दुवा असणाऱ्यांना दिसणारी की सार्वजनिक, हे निवडावे लागते. खासगी राहिली तर वर्गमित्रांना काहीच दिसत नाही, आणि पहिल्या आठवड्यात ‘तुमचा दुवा उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. फाइल उपक्रमाच्या पानात घालणार असाल तर प्रगत पर्यायांत ‘रीसेट’ची खूण दाखवणे चालू करावे, म्हणजे ओढून विस्कटलेली आकृती एका टिचकीत पूर्ववत होते. साधनपट्टी बंद ठेवावी. रुंदी फार मोठी ठेवली तर फोनवर तिसरा चौरस पडद्याबाहेर जातो.

उत्तर देण्याच्या कसोटीवर जिओजेब्रा थोडे मागे पडते. समोरच्याला बदल करून परत पाठवायचा तर त्याचेही खाते लागते. पण या खेळात उत्तर दोन ओळींत लिहिता येते: ‘मधला चौरस नाही, बाजू सारख्या राहतात पण कोन बदलतो.’ हे वाक्य लिहिणारा माणूस भूमिती कशी शिकवतो, हे लगेच कळते. त्यामुळे ही त्रुटी फारशी बोचत नाही.

बाकीचे

पॅडलेटच्या भिंतीवर सगळ्यांचे दुवे आणि चित्रे एकत्र दिसतात. खाते नसलेल्याने मजकूर टाकला तर त्यावर नाव येत नाही, आणि ओळखीच्या भिंतीवर निनावी चिठ्ठ्यांची रांग लागते. नाव पहिल्या ओळीतच लिहायला सांगावे. प्रतिसादांची सोय भिंतीच्या सेटिंगमध्ये वेगळी चालू करावी लागते. नकाशाची मांडणी घेतली तर खूण शहरापुरती ठेवावी, घरावर नेऊन टोचू नये.

व्हिडिओ नव्वद सेकंदांपलीकडे नको. चेहऱ्यापेक्षा आलेख हलतानाचा पडदा दाखवावा आणि मथळे घालावेत. जुन्या सूचनांमध्ये अजूनही फ्लिप या व्हिडिओच्या साधनाचे नाव दिसते. मायक्रोसॉफ्टने त्याचे स्वतंत्र अ‍ॅप २०२४ मध्ये बंद केले. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्डही २०२४ च्या अखेरीस बंद झाला. या दोन्हींचे दुवे शोधण्यात वेळ घालवू नये.

साधन कोणतेही असो, दुव्यासोबत शंभर-सव्वाशे शब्द हवेतच. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली टीपॅकची चौकट (आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांची सांगड) पुढे अभ्यासक्रमात येण्याची शक्यता बरीच आहे. ती इथेच वापरावी. मुले कोणत्या घटकात अडतात, तो आपण आज कसा शिकवतो, हाताशी कोणती उपकरणे आहेत, आणि शेवटी वर्गाला एक प्रश्न. ‘तुमचे मत कळवा’ हा प्रश्न नव्हे. ‘अपूर्णांकांच्या भागाकारासाठी तुम्ही कोणते चित्र वापरता?’ हा प्रश्न.

पाठवण्याआधी दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत आणि एकदा फोनवर उघडून पाहावा. तिथे उघडला तर सगळीकडे उघडेल. अभ्यासक्रमाच्या मूडलमध्ये (अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत) आलेख थेट रुतवण्याचा प्रयत्न करू नये. विद्यार्थ्याने टाकलेला असा कोड मूडल सहसा गाळून टाकते आणि रिकामी जागा उरते. एक स्थिरचित्र आणि त्याखाली दुवा पुरेसा आहे. जिओजेब्राची फाइल स्वतःच्या संगणकावरही उतरवून ठेवावी. ती खरे तर एक झिप फाइल असते आणि आत सगळी रचना एक्सएमएलच्या साध्या मजकुरात असते, त्यामुळे खाते बंद केले तरी रचना हातची जात नाही.